उलटी हजेरी

४ जुलै २०२५

आत्या,

पाया पडते. फोनवर तू "काय? काय?" करतेस, मी ओरडते, आणि शेजाऱ्यांना वाटतं आपलं भांडण चाललंय. म्हणून हे पत्र. तुझ्या कोंढ्याला पत्र टाकायचंय म्हटल्यावर इथल्या पोस्टातल्या माणसाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

माझी बदली झाली. शाळा सिहोऱ्यापासून पाच किलोमीटरवर. पहिली ते चौथी, एकतीस मुलं, शिकवायला मी आणि मुख्याध्यापक चंद्रकुमार सर. शिवाय खिचडी शिजवणाऱ्या आनंदाबाई आहेत. शाळेतलं आम्हा दोघांपेक्षा त्यांना जास्त कळतं.

तुझ्याशी एका मुलीबद्दल बोलायचंय. गुड्डी, तिसरीत आहे. मार्चमध्ये तिची आई मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती, गुड्डीला घेऊन. वाघाने आईला मारलं. गुड्डी तिथून शंभर पावलांवर होती. गाव एवढंच सांगतं. वाघाला वाघसुद्धा म्हणत नाहीत, "त्यानं नेली" म्हणतात आणि गप्प होतात. वडील विक्की तुमसरला राइस मिलमध्ये कामाला आहेत, तिथेच राहतात, रविवारी घरी येतात. घरी आजी, केशरबाई.

गुड्डी रोज शाळेत येते, दाराजवळ बसते, वहीत सगळं बरोबर लिहिते. पण तोंडातून शब्द नाही. हजेरीला नाव घेतलं की मान खाली. मी घरी गेले तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "घरी बोलते जी पोरगी. माह्यासंग बोलते, बकरीसंग बोलते. तुमच्या शाळेतच काहून मुकी होते, तुमीच सांगा."

विक्कीही होते. म्हणाले, "दिवाळीवरी पाहतो म्याडम. नाही बोलली तं नागपूरले होस्टेलात टाकतो. तिथं तिले कोनी वळखत नाही, तिथं बोलन." केशरबाई तांदूळ पाखडत होत्या, त्या पाखडतच राहिल्या.

मला भीती वाटते, आत्या. आई गेली, आता घरही गेलं तर ही मुलगी उभी राहायची नाही. दिवाळीला साडेतीन महिने आहेत. तू चौतीस वर्षं शिकवलंस. काय करू, सांग.

तुझी
उर्वशी

*

११ जुलै

उर्वशी बाळ,

पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय तुझं, मोबाइलवर बोटं घासून घासून दुसरं काय होणार.

आधी त्या मुलीचे कान तपास. दोन वर्षं सारं गाव मला गर्विष्ठ समजत होतं, मी नुसती बहिरी झाले होते.

कान चांगले निघाले तर आता ऐक. तुम्ही नव्या शिक्षिका फार हळव्या. दुःखाला ओसरी दिली की ते हातपाय पसरतं. दाराजवळ बसते म्हणून बसू देतेस, बोलत नाही म्हणून गप्प राहू देतेस, मग ती बोलेल कशाला? चौतीस वर्षांत माझ्या वहीत असं एक नाव नव्हतं ज्याने हजेरीला ओ दिली नाही. "हजर बाई" तलावाच्या पाळीवर ऐकू जायचं. लोक सांगतात अजून.

तिचं नाव घे आणि थांब. पुन्हा घे. ओ आल्याशिवाय पुढचं नाव घेऊ नकोस. एवढ्याने झालं नाही तर साऱ्या वर्गाला तिच्या नावाने हाक मारायला लाव. मोठ्यांना दाद न देणारं मूल पोरांच्या हाकेला उठतं. एकदा तोंड उघडलं की पुढचं आपोआप होतं.

इकडे धानाचे पऱ्हे तयार आहेत, रोवण्याला बाया मिळेनात. तब्येत ठीक.

आत्या

*

२४ जुलै

आत्या,

कान तपासले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मग सोमवारी तू सांगितलंस तसं केलं. नाव घेतलं, थांबले. पुन्हा घेतलं. चौथ्यांदा घेतल्यावर मी मुलांना म्हटलं, चला, सगळे मिळून गुड्डीला हाक मारू या. मुलांना काय, तेवढंच हवं असतं. तीस गळे एकदम, "गुड्डी! गुड्डी!"

ती उठली, दोन्ही हातांनी कान दाबले आणि दारातून पळाली.

रोवण्याचे दिवस, गावात चिटपाखरू नाही, सगळे धानाच्या बांध्यांमध्ये. मी आणि सर दोन तास शोधत होतो. बोडीवर गेले तेव्हा पाण्याकडे पाहायची हिंमत होईना. शेवटी आनंदाबाईंना सापडली. शाळेच्याच स्वयंपाकखोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे. हात तसेच कानांवर. कपडे ओले झाले होते.

आनंदाबाईंनी तिला आपल्या लुगड्यात गुंडाळून घेतलं आणि मला म्हणाल्या, "हाका नोका मारू तिले, म्याडम. बुढी बी घरी हाक नाही मारत. जवळ जाते अन् हात लावते." हे आनंदाबाईंना ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

विक्कींना कळलं, ते दुसऱ्याच दिवशी आले. "दिवाळी कायले पाहाची? आत्ताच देऊन टाका दाखला." सरांनी हातापाया पडून दिवाळीपर्यंत थांबवलंय. आता गुड्डी वर्गात येत नाही. स्वयंपाकखोलीत आनंदाबाईंजवळ बसून तांदळातले खडे निवडते.

मी तुला दोष देत नाही. हाक मीच मारली. पण एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या चौतीस वर्षांत असं एकदाही झालं नाही का?

उर्वशी

*

१० ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र नाही. रागावलीस की रोवण्यात अडकलीस?

केशरबाई आणि गुड्डीला घेऊन भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात जाऊन आले. तिथल्या समुपदेशक बाईंनी गुड्डीला काहीच विचारलं नाही. तिच्याबरोबर मातीचे बैल केले, अर्धा तास. मला मात्र बरंच सांगितलं. या मुलांना अचानक काही झालेलं सोसत नाही, म्हणून आधी सांगा, मग करा. दार दिसेल अशी जागा द्या. कुठे बसायचं, काय करायचं, हे थोडं तिला ठरवू द्या. आणि घाई तुमची आहे, तिची नाही, हे लक्षात ठेवा म्हणाल्या. दर महिन्याला बोलावलंय.

आता मी फळ्याच्या कडेला रोज दिवसभराचं चित्र काढते. आधी गाणं, मग गणित, मग खिचडी. ते गुड्डीला स्वयंपाकखोलीच्या खिडकीतून दिसतं. काल मी खिचडी गणिताच्या आधी काढली, तर तिने आनंदाबाईंना हसून दाखवली म्हणे.

दोन ओळी तरी लिही.

उर्वशी

*

२५ ऑगस्ट

उर्वशी,

तुझ्या चोवीस जुलैच्या पत्राला मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. पहिल्यात तुला झापलं होतं. दुसऱ्यात उपदेश होता. तिसरं खोटं होतं. हे चौथं आहे.

झालं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, नोकरीचं दुसरं वर्ष. तिसरीतच होती, रुखमिणी नाव. तिची आई तलावावर धुणं धुताना पाय घसरून गेली. दहावं-तेरावं उरकून पोरगी शाळेत आली. मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तोंडी निबंध होता "माझी आई". तो पाठ्यक्रमात होता, म्हणून मी घेतला. वाटलं, सगळ्यांसारखं वागवलं म्हणजे मूल लवकर सावरतं. माझं नाव कडक बाई म्हणून व्हायला लागलं होतं, ते मला आवडत होतं, हेही लिहिते.

ती उभी राहिली, बोलेना. मी म्हटलं, बोलेपर्यंत बसायचं नाही. दुपारपर्यंत उभी होती. मग छडी, दोनदा, उजव्या हातावर.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतर कधीच आली नाही. मी महिनाभर तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि मग नाव कमी केलं. तिच्या घरी गेले नाही. चौतीस वर्षांत माझ्या वहीतल्या प्रत्येक मुलाने ओ दिली, हे खरं आहे बाळ. जिने दिली नाही, तिचं नाव मी वहीतून काढलं.

तुला तो सल्ला दिला तेव्हा ती माझ्या डोळ्यांपुढे होती, तरीही दिला. माणूस आपली चूक बरोबर ठरवायला किती खटपट करतं पाहा. त्यासाठी मी तुझी गुड्डी पणाला लावली.

यापुढे माझं ऐकू नकोस. आनंदाबाईंचं ऐक.

आत्या

*

१२ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि रडले. थोडी रागावलेही, खोटं कशाला सांगू. मग कामाला लागले, कारण इथे एक गोष्ट घडली.

दोन आठवड्यांपूर्वी तांदूळ निवडता निवडता गुड्डी आपण होऊन आनंदाबाईंना म्हणाली, "मायनं मले हाक मारली होती. मी रुसली होती. पळसामांग लपली होती. मी ओ नाही देली. मंग माय मले पाहत पाहत तिकडं आली." थोड्या वेळाने म्हणाली, "मंग मी हाक मारली. तं मायनं ओ नाही देली."

मला हे पुरतं कळलं नव्हतं, आनंदाबाईंनी समजावलं. मोहफुलं वेचायला बाया पहाटे जातात, एकेक जण आपापल्या झाडाखाली. झाडी दाट, माणूस दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकमेकींना नावाने हाक मारत राहतात. ओ आली म्हणजे बाई आहे. नाही आली की हातातली टोपली टाकून धावायचं. आणि मी रोज सकाळी वही उघडून त्या मुलीला नावाने हाक मारत होते.

आनंदाबाईंनी तिला काय उत्तर दिलं असेल? मला सुचलं नसतं. म्हणाल्या, "तू ओ देली असती तरी तो आलाच असता बाई. तो का हाक आयकून आला होता? तो आधीच तिथं होता." गुड्डीने तीन वेळा विचारलं, त्यांनी तीन वेळा तेच सांगितलं. भंडाऱ्याच्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, शंभर वेळा विचारेल, शंभर वेळा हेच सांगा.

आता आमची हजेरी उलटी झालीय. मुलं येतात, भिंतीवरच्या खिळ्याला आपापल्या नावाचा पुठ्ठा अडकवतात, त्यावरून मी वही भरते. मग ज्याला वाटेल तो मला हाक मारतो आणि ओ मी देते. "म्याडम?" "आहो, इथंच आहो." पहिल्या दिवशी गोलू हातपंपामागे जाऊन चार वेळा ओरडला, मी चारही वेळा आहो म्हटलं. एकही हाक चुकवायची नाही असं मी ठरवलंय. फळ्याकडे तोंड असो, खोकला आलेला असो.

चंद्रकुमार सर धास्तावलेत. "साहेब तपासणीले आले तं काय सांगू? मास्तरनीची हजेरी पोरं घेतात म्हणू?"

गुड्डी आठव्या दिवशी वर्गाच्या दारात आली आणि तिने आपला पुठ्ठा अडकवला. हाक मारत नाही. पण मी ओ दिली की माझ्याकडे बघते.

उर्वशी

*

२० सप्टेंबर

बाळ,

सरांना म्हणावं, साहेब आले तर त्यांनाही एक हाक मारायला लावा.

रुखमिणी इथून चार किलोमीटरवर राहते. लग्न होऊन इकडेच आली. तीस वर्षांपासून मला ठाऊक आहे. आठवडी बाजारात ती दिसली की मी भाजी न घेता दुसऱ्या रांगेत वळते. आता बाहत्तराव्या वर्षी जाऊन काय सांगू? तिने दारातून हाकललं तर ऐकूही यायचं नाही, हसत उभी राहीन मी.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. तरी लिही.

आत्या

*

१४ ऑक्टोबर

आत्या,

जा. एवढंच म्हणेन. आता इकडचं ऐक.

शनिवारी विक्की दाखला न्यायला आले. मी म्हटलं, सकाळची शाळा आहे, घटकाभर वर्गात बसा. मागच्या भिंतीला टेकून बसले. मुलांनी हाका मारल्या, मी ओ दिली. सगळ्यांचं झालं. गोलूने गुड्डीला कोपराने ढोसलं. मी मनात म्हणत होते, आज एकदा मार गं. आपल्यालाच घाई आहे हे माहीत असूनही म्हणत होते. तिने पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

ऑफिसात विक्की म्हणाले, "तुमी लई केलं म्याडम. पन पोरगी तशीच आहे." अर्जावर सही केली. सर कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढायला उठले. माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट उरली होती, ती सांगितली. पळसामागे लपली होती ते, आईच्या हाकेला ओ दिली नाही ते, आणि नंतर हिने हाक मारली ते.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले हे कोनी सांगतलंच नाही." पुढे म्हणाले, "मी तिच्यापाशी बसलोच नाही म्याडम. तिचं तोंड पाहिलं का तिची माय दिसते. म्हनून मिलमध्येच पडून राहतो." आणि उठून बाहेर गेले. गाडीला किक मारू लागले, ती चालू होईना.

गुड्डी वर्गाच्या दारात आली होती. आम्ही कोणी तिला बोलावलं नव्हतं. तिने हाक मारली. "बाबा."

आवाज लहान होता. विक्की पाठमोरे, किक मारताहेत. तिने पुन्हा मारली. "बाबा वो." या वेळी त्यांना ऐकू गेली. त्यांचा पाय थांबला, हे मी पाहिलं. पण ते वळेनात. ते रडत होते आणि मुलीला तोंड दाखवायचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तिचे हात कानांकडे जायला लागले. मग मी ओरडले, आत्या, शाळेत इतकी कधी ओरडले नाही. "विक्कीभाऊ, ओ द्या तिले!"

ते वळले. "आहो," म्हणाले. "आहो बेटा. इथंच आहो."

गुड्डीने हात खाली घेतले. म्हणाली, "सांजच्याले घरी येजो."

त्यांनी मान हलवली. मग काही आठवल्यासारखं मोठ्याने म्हणाले, "येतो."

सरांनी दाखल्यांचं पुस्तक परत कपाटात ठेवलं. अर्ज अजून टेबलावर आहे. विक्की म्हणाले, राहू द्या, उन्हाळ्यात पाहू. तेव्हापासून ते तुमसरहून रोज संध्याकाळी घरी येऊन राहिले आहेत. केशरबाईंनी सांगितलं, फाटकातून आत यायच्या आधी पोरगी हाक मारते आणि बाप ओ देतो, मगच गाडी आत.

सगळं झालं असं समजू नकोस. काल कोणीतरी दिवाळीआधीच फटाका फोडला, गुड्डी पुन्हा तांदळाच्या पोत्यांमागे गेली. तासाभराने आपली आपण परत आली आणि दाराजवळ बसली. कोणी शोधायला गेलं नव्हतं, आनंदाबाई फक्त तिथे बसून होत्या. मला तिने अजून हाक मारलेली नाही. मारेल तेव्हा मारेल, मी आहे.

उर्वशी

*

२ नोव्हेंबर

उर्वशी बाळ,

भाऊबीज आटोपली आणि मी गेले. पायी गेले, म्हणजे वाटेत परत फिरायला सोपं. दोनदा फिरलेही.

रुखमिणी अंगणात धान वाळवत होती. पंचावन्नची झाली, केस माझ्याहून पांढरे. मला लगेच ओळखलं, डोक्यावर पदर घेतला, बाज टाकली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. माझं चुकलं होतं, रुखमिणी. तुझी आई गेली होती आणि मी तुला मारलं. तुझ्या घरी यायला हवं होतं, आले नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली. पाठ करून गेले होते, तरी मध्येच विसरले.

ती बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती, माझा हात धरून, उजव्या हाताने. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ओठांवरून काही कळेना. मी म्हटलं, बाई, मी बहिरी झालेय, लिहून दे. तशी ती हसली आणि मान हलवली. मला उमजायला वेळ लागला. तिसरीतून गेलेली पोरगी, तिला कोणी लिहायला शिकवलं?

घरात नात होती, पाचवीतली. तिने वहीचं पान फाडलं. आजी सांगत गेली, ती लिहीत गेली. ते पान मी घेऊन आलेय. जसंच्या तसं उतरवते.

"आजी म्हणते, बाई, मी दुसऱ्या दिवशी आली होती. आत यायची हिंमत झाली नाही. फाटकाजवळ उभी होती. तुम्ही हजेरी घेत होता. माझं नाव आलं. मी तिथून हजर म्हटलं, दोनदा म्हटलं. तुम्ही पुढचं नाव घेतलं. मग मी घरी गेली."

तेव्हा माझे कान चांगले होते, उर्वशी.

आत्या